हस्तिदंती मुठीच्या ब्रशाबाबत

मी, विमल केशव राजूरकर, वय साठ, राहणार पांढरकवडा, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही धाकात नाही. अर्जनवीसाने माझ्या नावापुढे ‘बेवा’, म्हणजे विधवा, असे लिहिले होते. तो शब्द मी स्वतः खोडला आहे. माझ्यामागे पुढीलप्रमाणे वागावे.

१. पोटगीत मिळालेल्या दोन खोल्या छप्पन सालच्या कायद्याने माझ्या मालकीच्या झाल्या. त्या माझे दीर नीळकंठराव वकील यांची मुलगी रजनी हिला द्याव्यात. तिचा भाऊ अनंत याला त्यातली खुंटीही मिळू नये.

२. शिवणयंत्र शेजारच्या बिजलीबाईला. रजनीला साधे बटण लावता येत नाही.

३. यजमानांचा दाढीचा ब्रश. जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने तो त्यांना दिला होता. अनंताने मागच्या वर्षी तो नागपूरला जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवायला नेला आणि परत येऊन मला सांगितले की मूठ हाडाची आहे, केस डुकराचे आहेत, सोवळ्याच्या घरात ठेवू नका, मी पाच रुपयांना नेतो. सोबत रजनी गेली होती. दुकानदाराने खरे काय सांगितले ते तिने मला सांगितले. मग मी स्वतः भिंग घेऊन उन्हात बसले. हाडाला बारीक काळे ठिपके असतात. या मुठीच्या बुडाशी एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आहेत, म्हणजे हस्तिदंत. डुकराचा केस राठ असतो. हे केस मऊ आहेत, टोकाला पांढरे आणि मधे काळा पट्टा, म्हणजे बॅजर या विलायती जनावराचे. अनंत खोटे बोलला.

पण या ब्रशाची खरी ओळख दुकानदारालाही माहीत नव्हती. यजमान वारले तेव्हा मी वीस वर्षांची होते. दहाव्या दिवशी नीळकंठरावांनी डोमाजी न्हाव्याला बोलावले आणि हाच ब्रश त्याच्या हातात दिला. माझ्या डोक्याला साबण याच ब्रशाने लावला. त्यानंतर दर महिन्याला. चौथ्या खेपेला डोमाजीने वस्तरा उघडलाच नाही. तो म्हणाला, “वकीलसाहेब, हे काम आता माह्याच्यानं होत नाही. बाई रडत नाही, त्याचंच मले जास्त भेव वाटते.”

नीळकंठरावांनी गावातली सगळी घरे त्याला बंद केली. तो बायकोमुलांसह मुकुटबनला गेला. माझ्यासाठी दुसरा न्हावी आणला, तेव्हा मी आतून कडी लावली आणि तीन दिवस काढली नाही. पुढे अकरा वर्षे या घरात माझ्या हातचे पाणी कोणी प्यायले नाही. केस मात्र वाढले.

डोमाजी आता नाही. त्याचा मुलगा मुकुटबनला दुकान चालवतो. ब्रश त्याला द्यावा. त्याने तो गिऱ्हाइकांसाठी वापरावा किंवा विकावा, पण विकल्यास हस्तिदंताच्या भावाने विकावा. अनंताला विकू नये.

४. माझ्या प्रेताला नीळकंठरावांनी किंवा अनंताने हात लावू नये. अग्नी रजनीने द्यावा. भटजी नाही म्हणाले तर भटजींवाचून द्यावा.

५. नीळकंठराव हयात असल्यास हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. त्यांना ऐकू कमी येते. उजव्या कानाशी वाचावे.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

विमल केशव राजूरकर

साक्षीदार : १. डॉ. मोरेश्वर दामले २. सुमेधा पत्तरकिने, मुख्याध्यापिका

पांढरकवडा, दि. ९ नोव्हेंबर १९६२