आभाळात ओ देणारं यंत्र

उंद्री, १२ मार्च १९७४

चिरंजीव मोतीराम यास भाऊजींचे आशीर्वाद. तुझी ताई बरी आहे, तिचे गुडघे बरे नाहीत. मीही बरा आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या भाच्याने, म्हणजे आमच्या दयारामने, पुण्याला जाऊन बिनइंजिनाचं विमान उडवणं शिकून घेतलं आणि मोडीतलं एक ग्लायडर इथे आणलं, हे तुला ठाऊक आहेच (त्याला फूस तुझीच, पण आता भांडायचंही त्राण नाही). जीपला दोर बांधायचा, जीप पळवायची, की हे वर. लाकडाचं आणि कापडाचं असल्यामुळे ते रडारला धड दिसत नाही. मागच्या महिन्यात एक प्रवासी विमान ढगातून बाहेर पडलं, तर शेजारी आमचे चिरंजीव! वैमानिकाने तक्रार केली आणि विमानतळाच्या कंट्रोलवाल्यांचं पत्र आलं: ट्रान्सपाँडर बसवा, नाहीतर उडणं बंद. म्हणजे रडारने हाक मारली की ‘मी इथे आहे’ अशी ओ देणारं यंत्र. (घरात चार हाका मारल्या तरी हा ओ देत नाही.)

तू विमानतळावर यंत्रं दुरुस्त करतोस, म्हणून तुला विचारलं. तू दोन सुचवलीस: एक हलकं, चार किलोचं, दुसरं जुनं, बॅटरीसकट पंचवीस किलोचं. झालं, सारा गाव निवडायला बसला. आमच्याकडे बैल जुंपून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही, तेव्हा शेजारचे शेषराव म्हणाले, यंत्रही जुंपून पाहा. यंत्र तर तुझ्याकडे. मग पंचवीस किलो ज्वारी पोत्यात भरली, पोतं दयारामच्या पाठीमागे बांधलं आणि जीप सोडली. ग्लायडर काही उठेना. पुढे जीप, मागे ग्लायडर, त्यामागे अर्धी उंद्री (त्यात मी, या वयात, चपला हातात घेऊन). शेवटी ते शेषरावांच्याच हरभऱ्यात घुसलं. दयाराम आत बसून हसत होता. ग्लायडर पुन्हा पळू नये म्हणून शेषरावांनी त्याला दाव्याने बाभळीला बांधलं आणि निकाल दिला, “जड जनावर खाते लय अन् चालत नाही. हलकंच घ्या, अर्जुनराव.” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, असं मी चारचौघांत म्हणालो.

थकलो रे. घरच्या सर्वांना यथायोग्य.

तुझा भाऊजी,
अर्जुनराव

ता. क. जडच पाठव. हलकं संपलं असं मी गावाला सांगेन. जड बसवलं की कायदा पाळला जाईल आणि ग्लायडर जमीन सोडणार नाही. एकुलता एक आहे, मोतीराम. मला फार भीती वाटते.

ता. क. दुसरा. मोतीराम, मी मंजुळाताई. पाकिटाले डिंक लावाले देलं म्हनून लिहून राह्यली. याह्यचं ऐकू नको बाप्पा, हलकंच पाठव. जड मशीन आली त पोट्टा ते काढून गोठ्यात ठेवनार अन् तसाच उडनार. मले मालूम हाये त्याचं. थांबत त तो नाहीच, निदान कोनाले दिसला त पाहिजे.