चावीचा लांब आकडा

१२ मार्च, दुपार

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

इथे सगळं ठीक आहे. गुडघे सोडून. ते माझं ऐकत नाहीत, आणि या घरात माझं ऐकतं तरी कोण! शेजारीण तीच, तिची कुरकुरही तीच. तू वेळेवर जेवतेस का, हे विचारत नाही. जेवत नसलीस तर तुझं तू बघ.

घरातल्या कॉम्प्युटरबद्दल लिहायला बसलेय. जाताना तू एका डब्यात दोन बिऱ्हाडं थाटून गेलीस. सिस्टिम म्हणायचीस त्यांना. एक बापाच्या कपाटांच्या नकाशांचं, एक तुझ्या आवाजांचं. सुरू केला की कुठे जायचं ते विचारायचा. मध्यंतरी बापाच्या बाजूला काहीतरी अपडेट आलं आणि दारातला पहारेकरी, तो सिक्युअर बूट, तुझ्या बिऱ्हाडाला ओळखेनाच. काळा पडदा, दोन ओळी, की बंद.

बाप म्हणाला, "बरंच झालं. तिचं पुसून टाकतो, जागा होईल."

मी म्हटलं, "पूस. आधी हात धू, भुसा लागलाय."

पुसलं नाही.

मागच्या आठवड्यात एकदा जेवून आडवी झाले होते. डोळा लागला असेल नसेल. खिडकीतून ऊन आत आलेलं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता, खाली बसायचं नावच नाही. आणि मला रंधा ऐकू आला. सर्र, सर्र, अगदी सावकाश. सुट्टीच्या दिवशी कसला रंधा? बापाच्या सुतारकामाच्या कारखान्याला तर कुलूप. मग माझाच खोकला ऐकू आला, आणि मी खोकले नव्हते. म्हटलं, झालं, गेलो वाटतं आपण. बरंच सोपं निघालं की.

उठून पाहिलं. पुढच्या खोलीत तुझा बाप पाठमोरा बसलेला, कॉम्प्युटरसमोर. तुझ्या बिऱ्हाडात. तू घरभर फिरून आवाज टेप करायचीस ना, ते लावले होते त्याने. नळ, जिना, मी, रंधा. मग त्याचाच आवाज आला, "भिंगरे, मागे हो, डोळ्यात भुसा जाईल." त्याने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. "आवाज पकडायला कसली जातेस, वारा पकड," असं तू निघालीस तेव्हा तुला दारात सुनावणारा हाच तो. मी दारातूनच मागे फिरले आणि झोपेचं सोंग घेतलं.

हे तुला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

आता खरा घोळ ऐक. तुझं बिऱ्हाड उघडायला पहारेकऱ्याला हटवताना पडद्यावर जे जे विचारलं, त्या सगळ्याला याने 'हो' म्हटलं. यंत्राच्या ध्यानात असलेल्या ओळखीच्या खुणा पुसू का, हेही विचारलं होतं. त्यालाही हो! तुझं दार उघडलं आणि याचं स्वतःचं बंद झालं.

दुरुस्तीवाली बाई येऊन गेली. म्हणाली, "पहारेकरी परत उभा केलाय, पण काका, आता तो तुम्हालाच ओळखत नाही. चावी म्हणून वेणीएवढा लांब आकडा मागतोय. ज्याच्या ईमेलवर कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला, त्याच्याकडे असेल."

सुरू तू केला होतास.

"राहू दे, नकाशे परत काढतो," म्हणाला तुझा बाप. दवाखान्याच्या कपाटांची सगळी मापं आत अडकलीत. हा आठवून आठवून कागदावर काढतोय. काल एक दार बसवलं, ते मिटेचना. दवाखान्याचा माणूस रोज चौकशी करून जातो. आता अजून उशीर झाला तर काम दुसऱ्याला देईल.

मी म्हटलं, "पोरीला विचार."

"तिला तिची कामं असतात," म्हणाला. आणि पुन्हा कागदावर वाकला.

तो आकडा मला लिहून पाठवू नकोस. मी नवाचा सहा करीन. तू त्यालाच फोन कर, संध्याकाळी, कारखाना बंद झाल्यावर. एकेक आकडा सांग, तो परत म्हणेल, मग पुढचा. त्याला लिहायला वेळ लागतो. मध्येच गप्प झाला तर होऊ दे. आणि आकडे संपले म्हणून लगेच ठेवू नकोस.

फोन वाजला तर मी उचलणार नाही.

तुझी,
आजी