पिवळ्या सुयांची चोरी

२ ऑक्टोबर, अलेक्झांड्रिया
परीक्षकाचं पत्र आलं. शोधनिबंध आवडलाय. (तसं लिहिलेलं नाही, पण कळतं.) फक्त पिवळ्या सुयांसारखे स्फटिक पुन्हा करून मोजा म्हणे. मुदत पंचेचाळीस दिवस. निबंध छापला की बढती. मी पूर्ण प्रोफेसर. ते स्फटिक तीन वर्षांपूर्वी एकदा झाले होते. दोन पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, कुपी ठेवायची, हात लावायचा नाही. चार दिवस पुरेत.

६ ऑक्टोबर
कुपीत पांढऱ्या चकत्या! पदार्थ तोच, रचना भलतीच. कुणीतरी कुपी बदलली. शेजारच्या लॅबच्या डॉ. नगवा जिन्यात भेटल्या. काय वगदीसाहेब, आल्या का सुया? हिला सुयांचं कसं ठाऊक? (मीच सगळ्या विभागाला सांगितलं होतं. पण तिने लक्षात का ठेवलं?)

८ ऑक्टोबर, सकाळी ९
लॅबला नवं कुलूप. दर तासाला कुपी उचलतो, झाकण काढतो, उजेडात धरतो. माझी पीएचडीची विद्यार्थिनी शैमा म्हणाली, सर, सारखं हलवलंत तर वाढतील कसे ते? पोरगी हुशार आहे. लक्ष ठेवायला हवं.

१३ ऑक्टोबर
पांढऱ्या चकत्या. कुलूप शाबूत. लॅबचे म्हातारे शिपाई अम बयूमी यांची उलटतपासणी. म्हणाले, अहो डॉक्टर, पंचवीस वर्षं इथे चहा करतोय, चोराने न्यावं असं आहे काय इथे? उत्तर जरा जास्तच तयार होतं.

२० ऑक्टोबर
प्रयोग घरी हलवला, फ्रिजवर. पांढऱ्या चकत्या! बायकोला, इनआमला, विचारलं. बायको म्हणाली, तुझ्या बाटल्यांना हात लावायला मला वेड लागलंय? आधी तो कोट धुवायला टाक, सोफाभर पांढरी भुकटी सांडतेय. विषय बदलण्यात पटाईत.

२९ ऑक्टोबर
नगवाबाई बसबूसा, म्हणजे पाकातली रव्याची वडी, घेऊन हजर. म्हणाल्या, पांढऱ्या जातीचा एक कण जरी आसपास असला तरी पिवळी धरत नाही. तो कण तुमच्या कोटावर आहे, दाढीत आहे. तुम्ही जाल तिथे येतो. दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, दुसऱ्या गावात. डाव ओळखला! प्रयोग माझा आणि हात दुसऱ्याचा? बसबूसा खाल्ला. संशयाला जागा नको म्हणून दोन तुकडे.

७ नोव्हेंबर
शैमाने परस्पर कारभार केला. तिची बहीण दमनहूरला शाळेत शिकवते. आमच्या लॅबची पायरी कधी चढलेली नाही. तिला फोनवर कृती सांगितली, सगळं सामान नवं. पिवळ्या सुया आल्या! उद्याच निघतो. शैमा रडकुंडीला आली. सर, पाया पडते, तुम्ही नका येऊ. माझेच स्फटिक आणि मीच नको?

८ नोव्हेंबर
सुया अप्रतिम. झाकण काढलं, वाकून डोळे भरून पाहिल्या. दाढी काठाला लागली असेल-नसेल. संध्याकाळपर्यंत सगळ्या चकत्या. खोलीत आम्ही तिघंच होतो. मला वगळलं की दोघी उरतात. बहिणीने कबूलही केलं: एक सुई तिने मी पोचायच्या आधीच कैरोला क्ष-किरण यंत्राकडे पाठवली होती. कटच!

१६ नोव्हेंबर
सुईची मोजणी जुळली. निबंध स्वीकारला. शैमाने परीक्षकाला सगळं खरं कळवलं, त्यामुळे कृतीत एक ओळ घालायची अट आहे: प्रा. वगदी ज्या खोलीत कधीही गेलेले नाहीत, अशाच खोलीत हे स्फटिक वाढवावेत. सही केली.
रविवारी माझ्या बढतीची बैठक. शैमाच्या बहिणीने दुसऱ्या खोलीत नव्याने वाढवलेल्या सुया टेबलावर ठेवणार आहेत. मला बाहेर जिन्यात बसायला सांगितलंय.