सहा तारा, सहा तोंडं

कामशेत,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय करणदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्या ट्रेनिंग सेंटरात मोबाइल जमा करून घेतात, आणि रविवारी मिळणारी फोनची दहा मिनिटं आई तू नीट जेवतोस का, यातच संपवते. माझ्या वाट्याला नुसतं ‘बरं, ठेवतो’ येतं. म्हणून आता ही बातमी कागदावर वाच. मी गिटार घेतली! इलेक्ट्रिक! लालभडक! दुकानातली सगळ्यात स्वस्त, पण उन्हात धरली की अशी चमकते की आई म्हणाली, आरसा विकायला हरकत नाही.

लोणावळ्याला चिक्कीच्या काउंटरवर वर्षभर उभी राहिले ती याचसाठी. पाहुण्यांनी शेंगदाण्याची चिक्की मागितली की मी काजूचीसुद्धा चाखायला द्यायची आणि दोन्ही खपवायची. मालक म्हणतात, पोरगी वाजवते काय ठाऊक नाही, पण विकते झकास.

आता मुद्द्याचं. कुरवंड्याच्या आपल्या गायन पार्टीत बेंजोची जागा रिकामी झाली आहे. आईचे काका श्रीपतीआबा यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत. त्यांची मूठ वळते, पण एकेक बोट सुटं होऊन बेंजोच्या बटणावर पडत नाही. गेल्या कार्यक्रमात त्यांनी अर्ध्यातच बेंजो खाली ठेवला, आणि तेव्हापासून ते तालमीला फिरकलेले नाहीत. पार्टी जिच्या गळ्यावर चालते ती आपली हिरामावशी म्हणते, चौदा एप्रिलच्या जयंतीला आता बाहेरून कीबोर्डवाला आणावा लागेल. मी म्हटलं, कशाला, मी बसते गिटार घेऊन. सगळी पार्टी हसली. आपल्याकडे बायका गातात, कोरस धरतात. वाद्याला आजवर एकीचाही हात लागलेला नाही. मावशी मात्र हसली नाही. तिने सांगितलं, मार्चच्या तिसऱ्या रविवारी तालमीला ये, माझ्या आवाजामागं चाललीस तर जागा तुझी, न्हाई तर कीबोर्डवाल्याला सुपारी.

दादा, मला ती जागा हवी आहे. यापूर्वी इतकं काहीच हवं नव्हतं.

आईबाबा मजेत आहेत. माया कमी करू नकोस, तिथं रोज पळून पळून वजन कमी होतंय तेवढं पुरे.

तुझी,
तेजल


ट्रेनिंग सेंटर,
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. तेजलला,
दादाचा कडकडीत सॅल्यूट आणि जयभीम, वि. वि.

तुझं पत्र बराकीत मोठ्यानं वाचलं गेलं. माझा इलाज नव्हता, इथे पत्र फोडणाऱ्याभोवती आधी दहा जण जमतात. सगळ्यांनी तुझ्या गिटारसाठी टाळ्या वाजवल्या आणि चिक्की पाठवायला सांगितली. लोणावळ्याची बहीण असून अजून एक पाकीट आलं नाही, ही माझी बराकीतली सगळ्यात मोठी बेअब्रू आहे.

घाई नको, एवढंच सांगतो. हिरामावशीचा आवाज म्हणजे घाटातलं इंजिन आहे, तिच्यामागं मला ढोलकी सांभाळता येत नव्हती. त्यात तू एखादी गोष्ट डोक्यात घेतलीस की हरणं तुला सोसत नाही. दहावीला सायकल शर्यतीत मागे पडलीस तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस.

एक कर. गिटार आबांना नेऊन दाखव. गिटार त्यांनी कधी हातात धरलेली नाही, मान्य. पण त्यांच्यासारखा कान साऱ्या मावळात सापडायचा नाही. शिवाय ते घरात गप्प बसून आहेत असं आई म्हणाली, त्याची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्या हाताला काहीतरी वाजणारं द्या रे कुणीतरी.

पुढच्या पत्रात तुला शाबासकी द्यायची वेळ येऊ दे. तोवर आठवण ठेव, आणि चिक्की विसरू नकोस.

तुझा,
करणदादा


कामशेत,
दि. ६ मार्च २०२५

प्रिय दादा,
जयभीम, वि. वि.

चिक्कीचं पार्सल वेगळं पाठवलं आहे. पोस्टातल्या मॅडमनी वास घेऊनच ओळखलं.

गिटारने माझा जीव काढला आहे. आधी ती स्पीकरला लावली की घूं करायची. आई म्हणायची, मिक्सर बंद कर. लोणावळ्यात अतुल नावाचा एक जण वाद्यं दुरुस्त करतो. त्याने आतली सुटलेली अर्थिंगची तार डाख देऊन जोडली, घूं बंद! मग मी नव्या, चांगल्या तारा चढवल्या, आवाज एकदम उजळला. मी दुकानातच नाचले.

पण खरी खोड निराळीच निघाली. दांडी वाकली आहे आणि तारा तिच्यापासून केवढ्या तरी उंच उभ्या आहेत. एकेक तार दाबताना बोटं सोलवटतात, आणि दाबली तरी सूर थोडा चढाच लागतो. दांडीच्या आतला स्क्रू जाम झालाय, ही काही सरळ होणार नाही, असं अतुलने सांगितलं. वर म्हणाला, स्वस्तात घेतलीस ना, मग आता भिंतीवर छान दिसेल. मला इतका राग आला! मी भिंतीसाठी वर्षभर उभी राहिले का?

तुझं ऐकून काल गिटार कुरवंड्याला आबांकडे नेली. त्यांनी बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ठिऊन जा हितंच, बगतो काय हुतंय ते. तालीम दहा दिवसांवर आली असताना ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडावर मला नाही म्हणवेना. मी इथे पट्टीवर सहा रेघा ओढून बोटांचा सराव करते आहे. हसू नकोस.

लोभ पार्सलमध्ये घातला आहे, तुकडे मोजून घे.

तुझी,
तेजल


कामशेत,
दि. १८ मार्च २०२५

प्रिय दादा,
जयभीम, जयभीम, जयभीम! वि. वि.

कुठून सुरू करू? रविवारी दुकानातून लवकर सुटून रिक्षाने कुरवंडं गाठलं. तालमीला थोडाच वेळ होता. आबा अंगणात चटईवर बसले होते, समोर पाटावर माझी गिटार आडवी. मी उचलली, सूर छेडला आणि हबकलेच. सगळ्या तारा भलत्याच स्वरात! आबांनी मुठीत पक्कड धरून साऱ्या खुंट्या पिळल्या होत्या आणि बेंजोसारख्या तारा लावून टाकल्या होत्या, कुठे सा, कुठे पा, कुठे पुन्हा सा. सगळ्यात बारीक तार तर तुटूनच गेली होती. वर मलाच सांगू लागले, पोरी, तुला दुकानदारानं फसवलं, सहा तारा सहा तोंडाला हुत्या, एकीचं दुसरीशी पटत नव्हतं, म्या समद्यांची समजूत घातली.

मी रडले, दादा. ओरडलेसुद्धा. गिटार तशीच असते, तुम्ही माझी जागा घालवली, असं आबांना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी शेजारचा छोटा पितळी बत्ता उचलून मुठीत धरला. आजी चार दिवस आलं ठेचायला तोच शोधत होती! तो बत्ता त्यांनी तारांवर आडवा टेकवला आणि मला म्हणाले, माझ्या अंगठ्यात तारा छेडायची पिक ठरत न्हाई, तू येकदा छेड, मग पायजे तेवढं भांड.

मी रागाने तारा छेडल्या, आणि त्यांनी बत्ता सरकवला.

दादा, तो बेंजोही नव्हता आणि गिटारही नव्हती. सूर तुटतच नव्हता, एका स्वरावरून दुसऱ्यावर माणसाच्या गळ्यासारखा चढत होता. वाकडी दांडी, उंच तारा, सगळं त्याला सोयीचं होतं, कारण तारा दाबायच्याच नव्हत्या. मी पुन्हा छेडलं. आबांनी त्यांचं नेहमीचं सुरुवातीचं गाणं धरलं, आणि तेवढ्यात दारातून मावशीचा आवाज आला. ती आम्हाला बोलवायला आली होती, ती उभ्याउभ्याच गायला लागली. तीन कडवी झाली. माझ्या अंगावर काटा, आबांच्या डोळ्यांत पाणी, आणि आजी म्हणतेय, बत्ता धुऊन द्या.

मावशीने तिथेच निकाल दिला की जागा एक हाय, बसणार दोघं, कीबोर्डवाल्याला नगं म्हणून सांगते.

खरं सांगू? मला गळ्यात पट्टा अडकवून, उभं राहून, एकटीने वाजवायचं होतं. मावशी म्हणाली, मनात नसंल तर तुझी गिटार तुझ्या स्वरात लावून घे, हट्ट न्हाई. मी रात्रभर विचार केला, आणि सकाळी अतुलकडे जाऊन तारा आणखी उंच करून घेतल्या. तो हसून म्हणाला, सगळे खाली करायला येतात, तू पहिलीच वर करणारी. त्याला सांगितलं, भिंतीवर तुझं दुकान टांग.

आबांची माफी मागितली. ते म्हणाले, आदी तार तुटली त्याचं बोल, कुटं मिळंल नवी?

जयंतीपर्यंत रोज तालीम आहे. आमच्यासाठी श्वास रोखून धर, पण परेडमध्ये नको.

तुझी,
तेजल


कुरवंडे,
दि. १६ एप्रिल २०२५

चि. करण यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम, वि. वि.

तेजल दोन दिवस झोपून आहे. आजारी नाही, नुसती दमली आहे, म्हणून मी लिहिते. कार्यक्रम असा झाला की कामशेतला लोक उठायलाच तयार नव्हते. घसा बसला माझा, पण तक्रार नाही.

एक गोष्ट फोनवर तुझी आई सांगेल, पण नीट सांगायची नाही, कारण सांगताना ती रडते. स्टेजवर दोघं शेजारी बसले, मध्ये ती लाल गिटार आडवी. तुला ठाऊक आहे, गाण्याआधी वादकांची नावं पुकारायची पद्धत. निवेदक ढोलकीवाल्याचं नाव पुकारून पुढे सरकला आणि म्हणाला, गिटारवर आपले जुने जाणते श्रीपतीआबा. टाळ्या पडल्या. पोरगी टाळ्या वाजवत होती, पण तोंड एवढंसं झालं होतं. मी पाहिलं. चूक त्या बिचाऱ्याची नव्हती, आजवर वाद्यावर बाईचं नाव त्याने कधी वाचलेलंच नाही.

आबांनी बत्ता वर केला आणि गाणं सुरूच होऊ दिलं नाही. भरल्या मंडपात निवेदकाला जवळ बोलावलं, म्हणाले, नाव चुकलं, परत पुकार. तो गोंधळला. मग आबांनी माईक स्वतःकडे ओढला आणि कार्यक्रमात कधी बोलत नाही तो माणूस म्हणाला, गिटारवर तेजल ओव्हाळ, म्या नुस्ता सोबतीला.

भाचरांत तुझ्यावरचा माझा जीव पहिला होता, आता थोडा वाटून घ्यावा लागेल, राग मानू नकोस.

तुझी मावशी,
हिरा