रोलँडचिक आणि मी

ती. हिलरीताई,

तुझ्या गुडघ्यास आणि बर्नार्डदाजींच्या गुलाबांस सादर नमस्कार. दोहोंची प्रकृती सविस्तर कळव. माझी उत्तम आहे. पित्त तेवढे वाढले आहे, आणि त्याचे कारण रोलँड आहे.

रोलँड हा इंग्लंडातल्या बाथ गावचा निवृत्त दंतवैद्य. पोलंडातल्या या वसतिगृहात आम्ही दोघे युक्रेनच्या निर्वासितांच्या मदतीला एकाच आठवड्यात आलो. मी भोजनगृहाच्या कोपऱ्यात बसून त्यांचे ब्रिटनच्या व्हिसाचे अर्ज भरतो. माझा एकही अर्ज चुकीपायी परत आलेला नाही (व्हिसाही फारसे आलेले नाहीत, पण तो दोष माझा नव्हे). रोलँड स्वयंपाकघरात बायकांत बसून वारेनिकी, म्हणजे बटाट्याचे सारण भरून उकडायच्या करंज्या, वळतो. त्या पाण्यात पडताक्षणी फुटतात, पातेल्यात बटाट्याची पेज उरते, आणि सगळ्या बायका हसून बेजार होतात. परवा, केवळ आदर्श घालून देण्याच्या हेतूने, मीही वळल्या. एकही फुटली नाही. स्तेफानियाआजींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत हो. अगदी दुकानातल्यासारख्या." ताई, ही स्तुती नव्हती.

या आजी पोल्टावाच्या. सोबत आठ वर्षांची नात, झ्लाता. (तीच आमची दुभाषी.) झ्लाताचा व्हिसा एप्रिलमध्येच आला, आजींचा अडकला, पोर एकटी जाणार कशी, म्हणून दोघी इथेच. आजी रोज सकाळी माझ्या टेबलाशी येतात, मी "विचाराधीन" म्हणतो, आणि त्या रोलँडकडे निघून जातात. इथे आपल्या माणसाच्या नावाला लाडाची शेपटी लावतात. तो 'रोलँडचिक'. वसतिगृहाच्या लंगड्या कुत्र्यालाही शेपटीवर आणखी एक शेपटी मिळाली आहे. मी मात्र 'पान लायनेल', म्हणजे लायनेलसाहेब.

सोमवारी कळले की लीड्सच्या ज्या कुटुंबाने या दोघींना खोली देऊ केली होती, ते वाट पाहून कंटाळले आणि त्यांनी नकार कळवला. घर नाही तर व्हिसा नाही, झ्लाताचा आलेलाही रद्द. मी हे नियमासह समजावून सांगितले. ब्रिटनच्या पावसासाठी पदरमोड करून घेतलेली छत्री आजींनी झ्लाताच्या हातून शांतपणे काढून टेबलावर ठेवली.

"बॅग भर गं. घरी जाऊ."

"आजी, घराला खिडक्या कुठे आहेत आता?"

यावर रोलँडने काय करावे? तो रडला. हुंदके देऊन! आणि आजी स्वतःचे दुःख बाजूला सारून त्याला चहा पाजू लागल्या. मला चारचौघांत रडता येत नाही. म्हणून मी फक्त म्हणालो, "दुसरे घर मिळाले आहे."

असो. दाजींना नमस्कार.

तुझा
लायनेल

ता. क. ते घर तुझे आहे. बागेकडची मागची खोली. तू आनंदाने होकार दिलास, असे मी सांगून बसलो आहे. आयुष्यातले हे माझे पहिले असत्य विधान. शुक्रवारपर्यंत सही पाठवून ते सत्य कर. नाहीतर त्या दोघी खरोखरच परत जातील.

ता. क. २. काल आजींनी मला 'लायनेलचिक' म्हटले. रोलँड समोरच होता. केवळ नोंद म्हणून कळवतो.

ता. क. ३. त्यांनी लगोलग रोलँडलाही नाताळासाठी तुझ्याकडे बोलावून टाकले. तुझा पत्ता मी त्याला दिलेला नाही.