मागे ऐकू येईल असे वाचावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, काम टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी (निवृत्त) आणि गावाच्या इतिहासाची उठाठेव (चालू), ज्याला सारे गाव पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही 'वाळवी' म्हणते, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातला 'हट्टी' हा शब्द त्यांनी स्वतःच्या मनाने घातला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा धमकी मात्र दिली होती.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची कागदांनी भरलेली अडगळ, माझ्या बहिणीच्या एकुलत्या एक मुलास मिळावे. भाचा लिफ्ट दुरुस्त करतो. माणसे वर जातात आणि खाली येतात, यापलीकडे त्याला इतिहासात रस नाही. मी दवाखान्यात असताना त्याने माझी दोन पोती टिपणे रद्दीत घातली होती. "मामा, जागा मोकळी केली," असे तो मला कौतुकाने सांगायला आला. ती परत शोधायला मी तीन दिवस रद्दीच्या दुकानात मांडी घालून बसलो. मेलेल्या माणसाने राग ठेवू नये म्हणतात; मी अजून जिवंत असल्यामुळे थोडा शिल्लक आहे. घर मात्र त्याचेच. बँकेत जे काही असेल तेही त्याचेच, ते शोधायला भिंग लागेल.

कलम २. निरनिराळ्या सत्कारांत मिळालेली भिंतीवरची चार घड्याळे वाचनालयाच्या अध्यक्षांना परत द्यावीत. चारही त्यांनीच दिली होती. चारही बंद आहेत. अध्यक्षांचे भाषण ज्यांनी ऐकले आहे त्यांना अध्यक्षांच्या घरी वेळ कळण्याची गरज नसते हे ठाऊक आहे.

कलम ३. कॉलेजातल्या प्राध्यापकांना माझे होकायंत्र द्यावे. त्यांच्या जाडजूड ग्रंथातले जुन्या बाजाराचे प्रकरण माझ्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले आहे, हे मी वीस वर्षे सांगतो आहे आणि ते वीस वर्षे नाकारतात. माझ्या पुस्तकात बाजारातली विहीर चुकून रस्त्याच्या दक्षिणेला पडली होती. ती उत्तरेला आहे. प्राध्यापकांच्या ग्रंथातही ती दक्षिणेलाच आहे. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू द्यावे, पण तीन मिनिटांवर नाही.

कलम ४. मोजपट्टी, दगड साफ करण्याचे दोन ब्रश, भिंग आणि सायकल नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्या शिपायास द्यावी. साहेब जेवायला गेले की तो मला कुलूप काढून आत घेई आणि साहेब लवकर आले तर बाहेरून खोकत असे. तो नसता तर मी इतिहासकार न होता नुसता निवृत्त झालो असतो.

कलम ५. एकसष्ट कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर. हे कलम मला टाळता आले असते तर मी टाळले असते.

बारा वर्षांचा असताना मी बंधाऱ्याचा पूर पाहिला. भर दुपारी पाणी खालच्या आळीत शिरले आणि अकरा घरे गेली. बंधाऱ्याची दारे वेळेवर उघडली नाहीत. जेवताना वडील म्हणाले, "चौकीदार पळाला असणार." यातला 'असणार' माझ्या डोक्यातून कधी गळून गेला, मला माहीत नाही. पुढे पुस्तकासाठी मी तीन म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, तिघांनीही तेच सांगितले, आणि मी छातीठोकपणे छापले की चौकीदार जागा सोडून पळाला. नगरपालिकेने ते वाक्य बंधाऱ्यावरच्या फलकावर रंगवून घेतले. चौकीदाराच्या घराला लोक 'पळपुट्यांचे घर' म्हणू लागले. पुस्तक आले तेव्हा चौकीदार हयात होता. त्याने ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि बाजारात येणे सोडले. मी त्याला एकदाही विचारायला गेलो नव्हतो. पळालेला माणूस खरे काय सांगणार, असे मला वाटले होते.

माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलाखती चालू असताना ती आतून चहाला हाक मारी, म्हणून गेल्या वर्षी तिचा आवाज ऐकायला मी कॅसेटी काढल्या. तिचा आवाज आहे, चांगला खणखणीत आहे. पण तिच्या आधी माझा आहे. "चौकीदार पळाला होता ना, आजोबा?" तिघांनाही मी हेच विचारले आहे. दोघे म्हणतात, हो, असेल. तिसरा, आमचा धोबी, म्हणतो, "तुम्ही म्हणता तर पळाला असेल. मी तर त्याला शेवटपर्यंत दारं उघडायच्या चाकाला लटकलेला पाहिला. दारात ओंडका अडकला होता, चाक फिरत नव्हतं." मग खट् असा आवाज येतो. तो मी टेप बंद केल्याचा आहे.

बायको तेव्हाच म्हणाली होती, "तुम्ही विचारत नाही, सांगता." मी तिला चहा कर म्हणालो होतो.

मला लाज वाटते. यापेक्षा चांगला शब्द शोधायला मी शब्दकोश उघडलेला नाही. कॅसेटी वाचनालयास द्याव्यात, धोब्याची सर्वांत वर ठेवून.

~~कलम ६. मी मेल्यावर महिन्याच्या आत भाच्याने बंधाऱ्यावर फलकासमोर उभे राहून माझी चूक जाहीर वाचून दाखवावी. तोवर घराची किल्ली वकिलांकडे राहावी.~~

वरील कलम रद्द. खोडल्याचे कारण लिहून ठेवणे मला भाग आहे.

चौकीदाराची मुलगी माझ्या समोरच्या घरात शिवणकाम करते. पुस्तक आल्यापासून एकतीस वर्षे आमचे बोलणे नव्हते. माझे शर्टसुद्धा मी दोन गल्ल्या पलीकडे शिवायला देत असे. परवा हे कागद घेऊन मी रस्ता ओलांडला. शिलाईचे यंत्र मी तिला ठेवून जाईन, असे काहीतरी पुटपुटलो. माझ्याकडे शिलाईचे यंत्र नाही, टाइपरायटर आहे, पण तोंडाला येईल ते बोलत होतो. तिने मशीन थांबवले, चष्मा पुसला आणि सगळे कागद शांतपणे वाचले. मग विचारले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळते का. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणतात, मी सांगितले.

"मग मला साक्षीदार करा," ती म्हणाली. "पण हे सहावं खोडा. मेल्यावर कबूल करायला काय लागतं? बाबांना जिवंतपणी ऐकावं लागलं. तुम्हीही जिवंतपणीच सांगा."

मी गुडघ्यांचे कारण दिले. ती म्हणाली, स्टूल मी आणते.

काल सकाळी बंधाऱ्यावर मी त्या स्टुलावर उभा राहिलो. समोर भाजीवाल्या, शाळेत निघालेली पोरे, भाचा, शिपाई आणि फुकटचा तमाशा सोडत नाहीत असे अध्यक्ष होते. मी कागद वाचला: चौकीदार पळाला नव्हता. तो चाकाशी होता. हे सांगणारा माणूस मला भेटला होता आणि मी त्याचे तोंड बंद केले. फलकावरचे वाक्य माझे आहे आणि ते खोटे आहे.

मी उतरू लागलो. शेवटच्या रांगेतून चौकीदाराची मुलगी म्हणाली, "मागे ऐकू आलं नाही. परत वाचा."

मी परत वाचले. दुसऱ्यांदा आवाज फाटला, तरी वाचले. भाच्याने स्टूल धरून ठेवले होते. रंगाऱ्याने दुपारी फलकावरचे वाक्य पुसले. नवे काय लिहायचे ते तिने त्याला सांगितले, मी नाही.

त्यामुळे किल्लीची अट उरलेली नाही. घर भाच्याचे, बिनशर्त.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते बरोबर आहे, आणि या वेळी दुसऱ्यालाही वाचायला दिले.

स्थळ: माझी पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: फलक पुसल्याचा दुसरा दिवस, मंगळवार, सकाळी दहा.

सही: वाळवी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही करणारा शुद्धीत आहे. 'हट्टी' हा शब्द मागे घेत नाही.

साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी, बंधाऱ्याच्या चौकीदाराची मुलगी. सही माझ्यासमोर झाली. कलम ६ माझ्यासमोर खोडले. दुसऱ्यांदा वाचले ते मागेपर्यंत ऐकू आले.