तूवाशी लांबूनच बोलायचं

सोमवार, २७ फेब्रुवारी

चार हात लांबून! लेकीला भेटायला अडीचशे किलोमीटर गाडी हाकत ऑस्लोला आलो आणि भेट कुठे, तर तिच्या स्की-संघाच्या हॉटेलामागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. ती वर पायऱ्यांवर, आम्ही खाली बर्फात. संघाच्या डॉक्टरांचा नियम — शर्यत होईपर्यंत घरच्यांना शिवायचं नाही. साधं पडसं झालं तरी वर्षभराची मेहनत पाण्यात. नियम कळतो मला. नाताळातही ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच जेवली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. दार उघडं ठेवून गप्पा.

हालवरनं विचारलं, "स्कींना मेण कुठलं लावतायत?"

"बाबा, त्याला आठ माणसं आहेत इथे," तूवा हसली. स्की नीट घसराव्यात म्हणून सहाव्या वर्षापासून तिच्या स्कींना मेण त्यानंच लावलेलं.

बारीक झालीय. बोलले नाही. शनिवारी बर्फावरची तीस किलोमीटरची शर्यत. जागतिक स्पर्धा, तीही आपल्याच देशात! नॉर्वेच्या चौघीच धावणार आणि त्यातली एक आपली. अजून खरं वाटत नाही.

मंगळवार, २८

जंगलात तंबू ठोकला, शर्यतीच्या वाटेवर, मोठ्या चढापाशी. सगळीकडे तंबू, झेंडे, शेकोट्या. शेजारच्या तंबूत ओडलॉग. तिची मुलगी योरिद संघात पाचवी, म्हणजे राखीव. "आमची कसली धावतेय! कुणी आजारी पडलं तरच," म्हणाली आणि जीभ चावली. मीच हसून सॉसेज पुढे केलं.

घसा खवखवतोय. धुरानं असेल.

बुधवार, १ मार्च

काय झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी तंबूत मी एकटीच. हालवर लाकडं आणायला गेलेला. तूवा आली. अचानक! स्की काढल्या, काठ्या बर्फात खुपसल्या आणि सरळ माझ्या गळ्यात पडली. "अगं, अंतर!" म्हटलं मी. "असू दे, आई."

किती वेळ? मिनिटभर असेल. गाल तापलेले, टोपीला घामाचा वास. मी तिला लोटायला हवं होतं. माझा घसा दुखत होता ना! सकाळपासून गिळताना टोचत होतं. तोंडाशी आलंही होतं — मला बरं नाही, लांब हो. बोललेच नाही. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा जवळ आली होती. हात सुटेनात.

"बाबांना सांगू नको हं," म्हणाली आणि गेली.

कशाला आली होती? काही कळत नाही.

गुरुवार, २

ताप नाही, पण घसा तसाच. हालवरला सांगून टाकलं. तो लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवली.

"घसा दुखतोय हे माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि तरी?"

"हो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरला कळव."

"कळवलं तर तिला वेगळं काढतील. काही झालेलं नसताना शर्यत जाईल तिची!"

"आणि नाही कळवलं तर? बाकीच्या पोरींना लागण झाली तर?"

बरोबर आहे त्याचं. माझंही बरोबर आहे. की नाही? तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. गरम सरबत पीत बसले. रोज दोनशे घरांत टपाल वाटते मी, कधी पत्र चुकत नाही. आणि एक वाक्य पोचवता येईना!

शुक्रवार, ३

तूवाला ताप.

सकाळी तिचाच फोन. आवाज पार बसलेला. "उद्या मी नाहीये." मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाली, "जाऊ दे ना आई आता," आणि ठेवला.

तिच्या जागी योरिद.

ओडलॉग आमच्या तंबूबाहेर येऊन उभी. आत येईना, जाईना. "हसू का तुझी माफी मागू, मलाच समजत नाही गं," म्हणाली. मी बहुतेक अभिनंदन केलं. आठवत नाही. मनात मात्र — हिच्याच जिभेनं घात केला! मग स्वतःचीच लाज वाटली. तिची जीभ कुठली? घसा माझा.

हालवर म्हणाला, घरी जाऊ. मी नाही म्हटलं. त्यानं शेकोटीत लाकूड सारलं.

शनिवार, ४

जानेवारीभर बसून कापडी फलक शिवला होता, तूवाच्या नावाचा. गुंडाळून ठेवलेला. हालवरनं तो काढला, उलटा पसरला आणि शेकोटीतल्या कोळशानं मागे लिहिलं — योरिद. अक्षरं वाकडी. ओडलॉगकडे फलक नव्हताच. राखीव मुलीसाठी कोण शिवत बसतं? तिला रडू फुटलं. "रड नंतर. आधी हे टोक धर," हालवर म्हणाला.

पहिल्या फेरीला योरिद चढावर आली, तेव्हा मी नुसती उभी. दुसऱ्या फेरीला मनात आलं — पडावी. लिहूनच टाकते. पडावी असं वाटलं मला. कुणाच्या तरी लेकीला! ओडलॉग माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि मी हे मनात आणत होते.

शेवटच्या फेरीला अकरावी होती. हनुवटीवर लाळ गोठलेली, पाय उचलत नव्हते. तिला तशी पाहिली आणि काय झालं कोण जाणे — "हैया! हैया, योरिद!" तिच्या बाजूनं चढावर धावत सुटले. गुडघाभर बर्फ, छप्पन्न वर्षांची मी! घशाची पर्वा नाही. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नसेल.

सातवी आली. ओडलॉगनं मला आवळलं, "सातवी! अख्ख्या जगात सातवी!" मीही रडले. कुणासाठी, देव जाणे.

रविवार, ५

तूवाला घेऊन निघालो. मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली. आता कसलं अंतर नाही, पण मला तिच्याशेजारी बसवेना. पुढेच बसले. हामारला हालवर कॉफी आणायला उतरला, तेव्हा मागे वळले, सांगणारच होते. झोपली होती. तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. गाडी घरी पोचेपर्यंत वाक्य जुळवत होते. ते काही जुळलं नाही.

सोमवार, ६

नाश्त्याला सांगून टाकलं. घसा दुखत होता, तरी जवळ घेतलं, माझ्यामुळे गेली तुझी शर्यत.

तूवानं हातातला पाव खाली ठेवला. "आई, मला मंगळवारीच ताप भरला होता. बुधवारी डॉक्टरांना सांगायच्या आधी तुझ्याकडे आले. ते म्हणाले, दोन दिवस बघू, कुणाला बोलू नको."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "धावता येणार असतं, तर शिवले असते का तुला?"

हालवर उठला आणि तिला दूध ओतून दिलं.